वाफसा येऊ दे

पुणे
गुरुवार

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला रिपोर्ट वाचला. एचएस-सीआरपी ६.८, शेजारी तांबडा बाण, आणि खाली तुझा प्रश्न : ‘आत्या, रोज पळणाऱ्या माणसाच्या अंगात दाह कसा?’ फोनवर उत्तर दिलं असतं तर ‘काळजीचं काही नाही ना?’ एवढंच विचारून तू फोन ठेवला असतास. म्हणून कागद घेतला.

आधी रिपोर्टचं. रविवारी तू साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढलीस आणि उतरलीस, एकवीस किलोमीटर. सोमवारी सकाळी ऑफिसच्या हेल्थ चेकअपला हात पुढे केलास. सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन यकृतात तयार होतं. कुठे काही दुखावलं, फाटलं, जंतू शिरले की ते वाढतं. लांब शर्यतीनंतर ते एक-दोन दिवसांनी शिखर गाठतं आणि मग ओसरतं. त्यातून तू घाट उतरलीस. चढणीवर दम लागतो, पण स्नायूंची खरी झीज उतारावर होते, कारण तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालत असतो. त्यात त्याचे सूक्ष्म धागे तुटतात. मंगळवारी तुला जिना उतरवत नव्हता तो यामुळेच. पायात ‘लॅक्टिक अॅसिड साचलंय’ असं तुमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं असेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. लॅक्टेट तासा-दीड तासात पूर्वपदावर येतं, आणि तोवर हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरूनही टाकतात.

तेव्हा तो तांबडा बाण बहुधा रविवारच्या घाटाचा आहे. ही तपासणी पुन्हा कर. आधीचे चार-पाच दिवस दमछाक होणारा व्यायाम नको. सर्दी, ताप, दाढदुखी असेल तर पुढे ढकल. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलीस तर उत्तम. १ च्या खाली आलं तर छान, १ ते ३ म्हणजे मध्यम. स्वस्थ असतानाही ३ च्या वर राहिलं तर डॉक्टरांना दाखव, आणि १० च्या वर गेलं तर आधी संसर्ग किंवा दुखापत शोधावी लागते.

आता माझ्या काळजीचं. रिपोर्टसोबत तू घड्याळातला महिन्याचा तक्ताही पाठवलास. मंगळवारी इंटरव्हल (जोराचे छोटे झटके, मधे विसावा), गुरुवारी टेम्पो (सलग वेगात पळणं), शनिवारी सिंहगड, रविवारी लांब पल्ला. मधल्या दिवशी ‘सोपं’ म्हणून जे पळतेस त्यातही नाडी १६० च्या खाली उतरत नाही. झोप साडेपाच तास. आणि सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी महिन्याभरात ५६ वरून ६४ वर गेली आहे. सीआरपीपेक्षा हा शेवटचा आकडा मला जास्त खुपला.

दाह हा तुझा शत्रू आहे, असं समजून तू प्रश्न विचारलास. पण व्यायामाचा फायदा काही प्रमाणात दाहातूनच येतो. २००० साली कोपनहेगनमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाने एक साधा, चतुर प्रयोग केला. माणसांना एकाच पायाने तासन्‌तास व्यायाम करायला लावला आणि दोन्ही पायांत जाणारं व त्यांतून येणारं रक्त तपासलं. राबणाऱ्या पायातून इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन बाहेर पडत होतं, आराम करणाऱ्या पायातून नाही. तोवर हे प्रथिन दाहाचं लक्षण मानलं जाई. इथे तर निरोगी स्नायूच ते सोडत होता. ते यकृताला साखर सोडायला सांगतं आणि चरबीच्या साठ्याला चरबी. त्याच्या मागोमाग दाह शमवणारी द्रव्यं रक्तात वाढतात. त्याच गटाने पुढे, २००३ साली, निरोगी माणसांना जिवाणूंच्या विषाचा अगदी छोटा डोस दिला. स्वस्थ बसलेल्यांच्या रक्तात टीएनएफ हे दाहक द्रव्य वाढलं, तीन तास सायकल चालवणाऱ्यांच्या रक्तात ते वाढलंच नाही.

म्हणजे कष्टाने उसळणारा आणि पाठोपाठ शमणारा दाह हिताचा. वाईट तो, जो उसळतही नाही आणि विझतही नाही. पोटातल्या चरबीत ठाण मांडलेल्या रोगप्रतिकारक पेशी दिवसरात्र थोडं थोडं टीएनएफ सोडत राहतात, ते इन्सुलिनच्या संदेशात अडथळा आणतं आणि स्नायू साखर घ्यायला कुचराई करतात. आपल्या लोकांना हे विशेष लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३. यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणं म्हणजे आतूनही बारीक असणं नव्हे. दादाला मधुमेह लागला तेव्हा त्याला कुणी जाडा म्हटलं नसतं. त्याची मुलगी म्हणून तू व्यायाम करतेस याचा मला आनंदच आहे. राबणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर आत घेतो, आणि इन्सुलिनला दाद देण्याची त्याची वाढलेली तयारी पुढे एक-दोन दिवस टिकते. म्हणून व्यायामात दोन दिवसांहून मोठा खंड पडू नये.

मग रोजच जोरात का नको? यासाठी इंधनाचा हिशेब बघ. १९९३ साली अमेरिकेत टेक्ससमध्ये कसलेल्या सायकलपटूंना तीन पातळ्यांवर सायकल चालवायला लावून मोजणी झाली : प्राणवायू घेण्याच्या कमाल क्षमतेच्या २५, ६५ आणि ८५ टक्क्यांवर. सगळ्यांत जास्त चरबी जळाली ती मधल्या पातळीवर. ८५ टक्क्यांवर चरबी जळणं घटलं आणि भार साखरेवर आला. स्नायूंतलं ग्लायकोजेन साधारण चार-पाचशे ग्रॅम, यकृतातलं शंभरेक. रोज जोरात पळणारा माणूस हे छोटं भांडं रोज खरवडतो आणि चरबीच्या मोठ्या कोठाराला हात लावण्याची सवय स्नायूंना लागू देत नाही. शिवाय ग्लायकोजेन कमी असलं की तोच स्नायू इंटरल्यूकिन-६ अधिक सोडतो, ताणाची संप्रेरकंही चढी राहतात.

आणि आता स्टॉकहोमचा प्रयोग, जो तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकरा निरोगी, व्यायामाची सवय असलेले स्वयंसेवक. जोरदार इंटरव्हल पहिल्या आठवड्यात ३६ मिनिटं, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात १५२. दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं सुधारत होतं. तिसऱ्यानंतर स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची ऊर्जा तयार करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरली आणि साखर पचवण्याची चाचणी बिघडली. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीची भट्टी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. पुढचा आठवडा हलका ठेवल्यावर बरंचसं भरून निघालं, सगळं नाही. माणसं अकराच होती, त्यामुळे १५२ हा आकडा लक्ष्मणरेषा मानू नकोस. पण मधुमेह टाळायला पळणाऱ्या बाईने अतिरेकाने साखरेचंच गणित बिघडवावं, ही शक्यता तुझ्या तक्त्यात मला दिसते.

आपल्या गावी पाऊस पडला म्हणून लगेच कुणी तिफण धरत नाही. वाफसा यावा लागतो. ओल जमिनीत मुरून तिच्यात हवा खेळू लागली की मगच पेरणी. चिखलात पेरलेलं कुजतं. जोराचा व्यायाम हा पाऊस. स्नायू बळकट होणं, नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होणं, दाह शमणं हे सगळं त्यानंतरच्या वाफशात होतं, आणि तू तोच येऊ देत नाहीस.

‘मग त्या दहा मिनिटांच्या हिटचं, म्हणजे थोडक्या वेळात जीव तोडून करायच्या व्यायामाचं काय?’ असं तू विचारशील. तेही खरं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ साली एका गटाला दहा मिनिटांच्या व्यायामात वीस-वीस सेकंदांचे तीन जीव तोडून झटके दिले, दुसऱ्याला पाऊण तास मध्यम व्यायाम. दोन्ही आठवड्यातून तीनदा. बारा आठवड्यांनी प्राणवायूची क्षमता आणि इन्सुलिनला मिळणारी दाद दोन्ही गटांत सारखीच सुधारली. पण ही माणसं आधी बैठी होती, आणि जोर होता सत्रात एक मिनिट, आठवड्यात तीन. जोराला इतकी ताकद आहे म्हणूनच तो मोजून घ्यायचा. अव्वल धावपटू, स्कीपटू, होडी वल्हवणारे यांच्या नोंदी नॉर्वेत राहून स्टीफन सायलर यांनी तपासल्या तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या आसपास सत्रं अगदी सोपी निघाली. ज्यांना पदकं मिळवायची आहेत ते बहुतेक दिवस सावकाश जातात, आणि आपण हौशी माणसं रोज धापा टाकतो.

तेव्हा असं कर. जोराचे दिवस आठवड्यात दोनच, आणि त्यांच्यामध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. त्यातल्या एका दिवशी इंटरव्हल, दुसऱ्या जोराच्या दिवशी टेम्पो किंवा सिंहगड. सिंहगड जोरात चढणार असशील तर तो जोराचाच दिवस धर. बाकी पळणं असं की शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तीन शब्दांनंतर श्वास तोडावा लागला तर वेग कमी कर, चालावं लागलं तरी चाल. नाडीचे आकडे माणसागणिक बदलतात, बोलण्याची कसोटी फारशी चुकत नाही. दोन दिवस वजनं किंवा स्क्वॅट-पुशअप, ते जोराच्या दिवशीच उरकलंस तर सोपे दिवस खरंच सोपे राहतील. एक दिवस पूर्ण सुट्टी. दर चौथा आठवडा निम्मा. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठने जास्त, झोप उडालेली, चिडचिड, रोजचा वेग जड वाटणं, यातलं काही दोन-तीन दिवस टिकलं तर त्या दिवशीचं इंटरव्हल रद्द. ताप असेल किंवा छातीत कफ असेल तर पळायचंच नाही. छातीत दुखणं, चक्कर, किंवा लघवीला चहासारखा रंग आला तर थेट डॉक्टर, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

दुखतंय म्हणून शर्यतीआधी आयब्युप्रोफेन घेण्याची टूम निघाली आहे, तिच्या वाटेला जाऊ नकोस. कॅलिफोर्नियातल्या १६० किलोमीटरच्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीत ते घेणाऱ्यांच्या रक्तात दाह जास्त आढळला, आतड्यातलं विषही रक्तात जास्त झिरपलेलं होतं, आणि दुखणं मात्र इतरांएवढंच. तुझ्या कपाटातल्या त्या व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्याही बंद कर. २००९ साली जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला. त्यातल्या काहींना रोज एक हजार मिलिग्रॅम सी आणि चारशे युनिट ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला दाद वाढली, घेणाऱ्यांची नाही. ज्या क्षोभातून शरीर शिकतं तोच गोळीने दडपला जातो. आवळा, पेरू, पालेभाजी खाल्ल्याने असं काही होत नाही, ते भरपूर खा.

जेवणाबाबत एकच ऐक. पहाटे उपाशीपोटी सावकाश पळालीस तर चालेल, उपाशीपोटी इंटरव्हल नकोत. आदल्या रात्री भात-भाकरी टाळून दुसऱ्या दिवशी जोर काढणं तर अजिबात नको. आधी केळं किंवा दोन खजूर, नंतर तासाभरात पोहे, अंडी, उसळ-भाकरी, जे घरात असेल ते पोटभर. गेल्या दिवाळीत तू म्हणाली होतीस की पाळी पुढे पुढे जाते आहे, आणि ‘बरंच झालं, शर्यतीत अडचण नाही’ म्हणून हसलीस. ते हसण्यावारी नेऊ नकोस. कष्टाच्या मानाने अन्न कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडांना हात घालतं, चयापचयाचा वेग मंदावतो. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच.

आणि झोप. सात तासांच्या खाली आलीस तर वरचं सगळं लिहिलेलं पाण्यात. पहाटे पाचच्या पळण्यासाठी रात्री बारापर्यंत लॅपटॉप हा सौदा तोट्याचा आहे.

यात व्यायाम सोडायला मी कुठेच सांगितलेलं नाही. त्याचं वाटप बदल, एवढंच म्हणते. दोन महिने असं कर, मग सकाळची नाडी मला कळव. आणि सोप्या दिवसांपैकी एक संध्याकाळ दादाला दे. जेवणानंतर त्याला अर्धा तास, बोलत बोलत, चालवून आण. त्याच्या रक्तातल्या साखरेला तुझ्या साऱ्या पदकांपेक्षा त्या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त आहे.

तुझी,
आत्या