आधी इशारा

अमेरिकेत न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आज पुष्कळ मराठी घरं आहेत. तिथे कधी कधी सकाळी मागच्या अंगणात हिरवळीवर लहान लहान खड्डे पडलेले दिसतात, वर रुंद आणि खाली निमुळते. रात्री स्कंक येऊन गेल्याची ती खूण. मांजराएवढं हे जनावर रंगानं काळंभोर, पाठीवर पांढरे पट्टे आणि मागे झुबकेदार शेपटी. त्यानं हिरवळ उकरलेली असते ती पोटासाठी. आपल्याकडे उसाच्या मुळांना लागणारी हुमणी शेतकऱ्याला रडवते; तशाच भुंगेऱ्यांच्या अळ्या तिथे गवताची मुळं खातात आणि स्कंक त्या शोधून खातं. उंदीर, टोळ, जमिनीतली गांधीलमाश्यांची पोळी हेही त्याचं अन्न. अंगणाची ही राखण आपल्याला दिसत नाही, कारण ती आपण झोपलेलो असताना होते.

पण स्कंक म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, त्याची दुर्गंधी. ती खरीच भयंकर असते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या दोन ग्रंथींमधून ते तेलकट द्रव फवारतं. त्यातली गंधकयुक्त रसायनं इतकी उग्र असतात, की अगदी कणभरही नाकाला कळतात. दहा फुटांपर्यंत त्याचा नेम सहसा चुकत नाही. द्रव डोळ्यांत गेला तर आग होते, थोडा वेळ दिसेनासंही होतं. मोठमोठी जनावरं सहसा स्कंकच्या वाटेला जात नाहीत ती यामुळेच. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेलं मोठं घुबड मात्र त्याची शिकार करतं, कारण वासाचं त्याला फारसं काही वाटत नाही.

एवढं जालीम शस्त्र हाताशी असूनही स्कंक ते किती जपून वापरतं, हे पाहण्यासारखं आहे. द्रवाचा साठा जेमतेम पाच-सहा फवाऱ्यांपुरता असतो. तो संपला की पुन्हा भरायला बरेच दिवस लागतात आणि तोवर ते जवळजवळ निःशस्त्र असतं. म्हणून ते आधी नुसतं थांबून बघतं. मग पुढचे पाय जमिनीवर आपटतं, फिस्कारतं, दोन पावलं मागे सरकतं. तरी समोरचा हलला नाही तर शेपटी ताठ उभारतं. त्याचं ठिपकेवालं भावंड तर पुढच्या दोन पायांवर उलटं उभं राहून दाखवतं. एवढं सगळं करूनही कोणी अंगावर आलंच, तर मग फवारा. समोरच्याला परत फिरायची संधी ते पायरीपायरीनं देत जातं.

म्हणजे पुढे काय घडणार हे निम्मं समोरच्यावर अवलंबून असतं. कुत्र्याला पाय आपटण्याचा अर्थ कळत नाही, म्हणून सगळ्यांत जास्त फवारे कुत्र्यांच्याच तोंडावर बसतात. मोटारीला तर काहीच कळत नाही. कोल्ह्याला परतवणारा तोच पवित्रा घेऊन स्कंक भर रस्त्यात उभं राहतं आणि चाकाखाली जातं. तिकडच्या रस्त्यांवर अशी किती तरी स्कंक मरतात. इशारा देणारा असून भागत नाही, तो ओळखणाराही असावा लागतो.

आणि माणसाला तो ओळखता येतो. स्कंकची नजर अधू असते, फार लांबचं त्याला दिसत नाही. त्यामुळे संध्याकाळी ते समोर आलं तर धावू नये, ओरडू नये. थांबावं, हळू आवाजात बोलावं आणि सावकाश मागे सरकावं. कुत्र्याला रात्री बाहेर सोडण्याआधी अंगणातला दिवा लावून क्षणभर थांबावं. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण असावं, झाडाखाली पडलेली फळं उचलावीत, मांजराचं खाणं रात्री बाहेर ठेवू नये. चालताना झोकांड्या देणारं किंवा उगाच अंगावर येणारं स्कंक दिसलं तर मात्र लांब राहून प्राणी नियंत्रण विभागाला कळवावं. अमेरिकेत स्कंकमध्ये रेबीज आढळतो. म्हणून घरच्या कुत्र्या-मांजरांना लस दिलेली असावी, आणि स्कंक चावलंच तर तडक डॉक्टर गाठावा.

एवढी काळजी घेऊनही कुत्र्यावर फवारा बसलाच, तर टोमॅटोचा रस ओतून उपयोग नाही. त्यानं वास झाकल्यासारखा वाटतो, जात नाही. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञानं सुचवलेला उपाय १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही तोच वापरला जातो. साधारण एक लिटर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचा द्रव साबण एकत्र करायचं. कुत्र्याचे डोळे सांभाळत ते अंगाला चोळायचं, पाच मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. मिश्रण ताजंच वापरायचं. उरलेलं बाटलीत बंद केलं तर आतल्या वायूनं बाटली फुटू शकते.

खरी कसोटी लागते ती घरामागच्या लाकडी डेकखाली स्कंकचं बीळ सापडतं तेव्हा. पहिला विचार येतो तो लगेच भोक बुजवण्याचा. पण मे महिन्याच्या आसपास आत चार-सहा पिल्लं असू शकतात. आई बाहेर अडकली तर ती आत उपाशी मरतील. सहा-आठ आठवड्यांची झाली की पिल्लं आईमागे रांगेनं बाहेर पडू लागतात. तोवर थांबावं. मग बिळाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा सैलसा बोळा ठेवावा. दोन-तीन रात्री तो जागचा हलला नाही, म्हणजे बीळ रिकामं. मग जाळी जमिनीत खोल गाडून जागा पक्की बंद करावी. घर आपलं आहे, ते राखायचा हक्कही आपला आहे. पण काही आठवडे वाट पाहिली तर तो हक्क कुणाचा जीव न घेता बजावता येतो.

स्कंक आपल्याकडे नाही, पण चिचुंद्री आहे. भिंतीच्या कडेनं चुकचुकत जाणारी, झुरळं-किडे खाणारी. वासामुळे आणि उंदीर समजून तिलाही आपण काठीनं मारतो. उपद्रव काय, उपकार काय, याची चौकशी न करता नुसत्या वासावरून निकाल देण्याची ही सवय सोडायला हवी.

हेच माणसांनाही लागू आहे. घरातलं, कचेरीतलं माणूस एकदम तुटत नाही. आधी ते गप्प होतं, मग कुरकुरतं, मग आवाज चढवतं. शेवटचा स्फोट तेवढा आपल्या लक्षात राहतो. त्याआधीच्या पायऱ्या आपण पाहिलेल्याच नसतात. आज कोणी असं पाय आपटताना दिसलं, तर त्याला लगेच वाईट ठरवू नका. एक पाऊल मागे घ्या, त्याला काय सांगायचं आहे ते ऐका. आणि आपल्याला राग आला, तर आपणही आधी इशारा द्या, समोरच्याला परतायला वाट ठेवा.