विधीचे वचन आणि घडलेल्याची नोंद

संकेतस्थळ उभारण्यासाठी तयार सांगाडा पुरवणाऱ्या प्रणालींत, म्हणजे वेब फ्रेमवर्कमध्ये, व्यवस्थेचे नियम मजकुराच्या फाइलीत लिहावेत की डेटाबेसमध्ये साठवावेत, याची चर्चा बहुधा वेग आणि सोय यांच्याच अंगाने होते. वस्तुतः हा प्रश्न प्रामाण्याचा आहे. पूर्वमीमांसेने जे आधीच अस्तित्वात आहे ते ‘सिद्ध’ आणि जे कर्त्याने घडवून आणायचे आहे ते ‘साध्य’ असा भेद करून साध्य हाच विधिवाक्याचा, म्हणजे काय करावे हे सांगणाऱ्या वाक्याचा, विषय मानला. जावातील स्ट्रट्स या फ्रेमवर्कच्या एक्सएमएल फाइलीत, म्हणजे मजकुराला नावांच्या खुणा घालून लिहिलेल्या फाइलीत, कोणत्या पत्त्यावरची विनंती कोणत्या क्लासने हाताळावी हे सांगितलेले असते, म्हणून ती विधिरूप ठरते. ग्राहकाने मागणी नोंदवल्याची डेटाबेसमधील ओळ मात्र सिद्धाचे कथन करते.

तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५७ च्या ‘इन्टेन्शन’ या ग्रंथात हाच भेद दोन याद्यांनी दाखवला: यादी घेऊन बाजारात गेलेल्या माणसाने भलतीच वस्तू घेतली तर चूक त्याच्या कृतीत असते, पण त्याच्या मागावरील गुप्तहेराच्या यादीत तफावत आढळली तर चूक नोंदीत असते. त्याचप्रमाणे फाइलीशी न जुळणारी व्यवस्था दुरुस्त करायची असते, तर गोदामातील मालाशी न जुळणारी डेटाबेसची नोंद.

वर्डप्रेस ही संकेतस्थळावरील लेखन सांभाळणारी प्रणाली बहुतेक सेटिंग डेटाबेसच्या तक्त्यात ठेवते, आणि प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या संपादकाच्या हाती त्यामुळे जो अधिकार येतो तो मोलाचा आहे. तरीही डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड तिला फाइलीतच लिहावा लागतो, कारण जोडणीवाचून वाचन नाही आणि वाचनावाचून जोडणी नाही, असा नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात तो दोष अन्यथा उद्भवतो.

खरी अडचण निर्णय आणि नोंद एकाच कोठारात मिसळतात तेव्हा येते. ड्रुपल या तशाच प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत लेखांचे प्रकार, परवानग्या आणि प्रत्यक्ष लेख हे सारे एकाच डेटाबेसमध्ये असल्याने, चाचणीच्या प्रतीत घेतलेला निर्णय चालू संकेतस्थळावर नेताना तेथील लेखनाला धक्का न लावणे कठीण होते. शिवाय डेटाबेसमध्ये नवे मूल्य लिहिताच जुने सहसा पुसले जाते, तर आवृत्ती-नियंत्रणाखालील फाइलीत बदल कोणी, केव्हा आणि लिहून ठेवले असल्यास का केला हेही टिकते. ज्या निर्णयाचा कर्ता आणि हेतू विसरला जातो तो पुढच्यांना निसर्गनियमासारखा अटळ भासू लागतो, म्हणून निर्णयाचे योग्य स्थान फाइल हेच होय.

२०१५ मध्ये आलेल्या ड्रुपलच्या आठव्या आवृत्तीने लेखांचे प्रकार, परवानग्या अशी संरचना यॅमल या मजकूररूपातील फाइलींत उतरवण्याची आणि तेथून परत घेण्याची सोय केली, पण प्रत्यक्ष चालणारी प्रत मूळ मांडणीनुसार डेटाबेसमध्येच राहिली. दोहोंत तफावत पडली की आयात केल्यास फाइल प्रमाण ठरते आणि निर्यात केल्यास डेटाबेस. यांपैकी काय करायचे हे मात्र कोणत्याच प्रतीत लिहिलेले नसते, ते व्यवस्थेची जबाबदारी घेणाऱ्या कर्त्यालाच ठरवावे लागते.