प्रारब्ध कोणी म्हणावे?

लग्नाचा बस्ता बांधायला आजूबाजूच्या गावांतून कुटुंबे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) गुलमंडीवर येतात. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराची कापडे, सगळे पारखून घेतले जाते. नवरीचे वय मात्र दुकानात विचारायची रीत नाही. विचारले तर उत्तर पुष्कळदा अडचणीचे निघेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. बीडमध्ये ते ४४ च्या आसपास होते, परभणीत ४८. राज्य एक, कायदा एक, आणि अंतर दुपटीचे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या कपाळी काय लिहिले आहे याचा अंदाज तिच्या जिल्ह्यावरून बांधता येत असेल, तर ‘ज्याचे त्याचे प्रारब्ध’ हे आपले लाडके उत्तर जरा तपासून घ्यावे लागेल. पूर्वजन्मीचे संचित काही तालुक्या-तालुक्याने साचत नाही.

साचते ते दुसरेच. पाऊस बेभरवशाचा, कोरडवाहू रान थोडे, म्हणून मुकादमाची उचल. उचल घेतली की दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम उसाच्या फडावर. तिथे मजुरी ‘कोयत्या’वर ठरते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेली लेक गावी ठेवायची तर कोणाच्या भरवशावर, आणि पालावर न्यायची तर तिथेही जिवाला घोर. लग्न लावून दिले की काळजी मिटते आणि एक नवा कोयता उभा राहतो. हे आईबाप निष्ठुर नसतात. त्यांच्यापुढे मांडलेला हिशेबच तसा असतो. तिच्या भावाचे वेगळे काही होत नाही: शाळा ऐन मध्यावर सुटते, आणि परतल्यावर वर्गात बसायची लाज वाटते. (बाजारपेठेतल्या पिढीजात गादीवर बसावे लागणाऱ्या मुलाचीही घुसमट असते, पण त्याला निदान घुसमटायला स्वतःची खोली मिळते.)

यावर हमखास येणारा आक्षेप गुलमंडीपासून जवळच्या पैठण गेटाचे नाव घेताच सुचावा. त्याच पैठणला, परंपरा सांगते, संन्याशाची पोरे म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे शुद्धिपत्र मागायला गेली होती. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, गावाने टाकलेले. तरी ज्ञानेश्वरांनी १२९० साली, जेमतेम पंधराव्या वर्षी, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. मग परिस्थितीचे रडगाणे कशाला? पण ही कथा नीट पाहिली तर ती उलट बाजूने साक्ष देते. थोरला भाऊच गुरू झाला, आणि लोकांच्या बोलण्याने कष्टी होऊन ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली तेव्हा ती उघडायची विनवणी करायला धाकटी मुक्ताई बाहेर उभी होती. समाजाने जे हिसकावले त्यातले थोडे भावंडांनी एकमेकांना परत दिले. शिवाय एका ज्ञानेश्वरांवरून बाकी सगळ्या टाकलेल्या पोरांचा न्याय करणे हा ज्ञानेश्वरांवरही अन्यायच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रारब्धावरच्या श्रद्धेने दुःख सोसायला बळ येते, ते का काढून घ्यावे? काढून घेऊ नयेच. ऊसतोड करणारी बाई स्वतःविषयी ‘माझं नशीब’ म्हणते तेव्हा तो तिचा आधार असतो. तेच वाक्य तिच्या लेकीविषयी दुसऱ्या कोणी म्हटले की त्याचा अर्थ पालटतो, आपल्याला काही करायचे नाही असा होतो. अंगुत्तर निकायात बुद्धाने याच जागी बोट ठेवले आहे: सुखदुःख केवळ पूर्वकर्मामुळेच असे मानले, तर काय करावे आणि काय टाळावे यालाच आधार उरत नाही. म्हणजे जबाबदारी झटकली जाते ती परिस्थिती मोजल्याने नव्हे, न मोजल्याने. डॉ. आंबेडकरांनीही गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, आणि निजामी राजवटीत शिक्षणात मागे पडलेल्या मराठवाड्यासाठी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उघडले. खेड्यांतून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांचे ललाटलेख तिथे बदलले. त्यांचे पूर्वसंचित होते तेवढेच राहिले असणार.