परक्या देशीं घर

(रूथ १ व २)

दुष्काळ पडला तेव्हां अलीमलेख बायको व दोन मुलगे घेऊन मवाब देशीं राहावयास गेला. शास्त्र त्यास दोष लावीत नाहीं, आम्हीही लावीत नाहीं. पोट कोणास चुकलें आहे?

आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक पहा. पिढ्यान्पिढ्या ते मराठी बोलत, घाण्यावर तेल काढीत, आणि शब्बाथ पाळीत म्हणून त्यांस शनवारतेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतील हजारों लोक मुलांबाळांसह इस्राएल देशीं गेले. भाषा नवी, धंदा नवा, दिमोना व बैर-शेबा येथें भोंवतीं रुक्ष माळ. तें सर्व त्यांनीं सोसलें. परंतु १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मगुरूंनीं विवाहसमयीं त्यांचें कूळ तपासावें अशी आज्ञा काढिली, ती मात्र सोसवेना. पूर्वज एकच अब्राहाम, आणि घरांत पाऊल ठेवल्यावर प्रश्न कीं, तुमची आजी कोण होती! १९६४ सालीं त्यांनीं यरुशलेमांत धरणें धरिलें, तेव्हां विधिमंडळानें ते सर्वस्वीं यहूदी होत असा ठराव केला.

आमच्या मंडळ्यांत परगांवचें कुटुंब येतें, तेव्हां कित्येक ठिकाणीं आधीं पूर्वीची जात विचारितात. सतरंजीवर जागा मागाहून.

रूथ मवाबीण आहे हें मुकादमानें बवाजास सांगितलेंच होतें. तरी त्यानें तिला पाण्याचीं भांडीं दाखविलीं, व कापणाऱ्यांस मुद्दाम कणसें टाकावयास सांगितलें. सायंकाळीं तिनें तीं झोडिलीं, तों एफाभर सातू निघाले.