रोजचा मान्ना



माझ्या ओळखीच्या एका आईचा प्रश्न तिच्या परवानगीने आज तुमच्यापुढे ठेवतो. तिच्या मुलाला गॉचर नावाचा दुर्मिळ आजार आहे. शरीरात एक विकर (एन्झाइम) कमी पडते, पेशींत चरबी साचते, प्लीहा आणि यकृत वाढते, हाडे दुखतात. ते विकर दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून द्यावे लागते, तेही जन्मभर. सरकारी मदतीची रक्कम आता संपत आली आहे. ती म्हणाली, "फादर, औषध आहे, पण पुढच्या महिन्यात मिळेल की नाही ठाऊक नाही. आमचीच श्रद्धा कमी पडते का?"

नाही, माझ्या बहिणी. कमी पडते ते औषध. त्याचा दोष तुझ्या श्रद्धेला देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

असा तुटवडा पूर्वीही आला होता. जून २००९ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात, जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात, ज्या पेशींपासून हे औषध बनते त्या पेशींना विषाणूची लागण झाली. उत्पादन थांबवून कारखाना निर्जंतुक करावा लागला. गॉचरसाठी तेव्हा तिथे मान्यता असलेले हे एकमेव विकर-औषध होते. उरलेला साठा कोणाला द्यायचा? डॉक्टरांनी क्रम लावला: आधी मुले आणि गंभीर रुग्ण. प्रकृती स्थिर असलेल्या प्रौढांचे डोस कमी झाले, काहींचे बंदही झाले. दुखणे त्यांनाही होते. आपल्या वाट्याचे औषध कोणत्या बाळाला मिळाले, हे त्यांना कधीच कळले नाही.

निर्गमाच्या १६व्या अध्यायातील मान्ना आठवा. प्रत्येकाने गरजेपुरता गोळा करायचा होता. मापून पाहिले तेव्हा जास्त गोळा करणाऱ्याकडे शिल्लक नव्हते आणि कमी गोळा करणाऱ्याला उणे पडले नव्हते. दडवून ठेवलेल्यात मात्र किडे पडले. यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत गोळा करताना संत पौलाने करिंथकरांना याच मान्न्याची आठवण करून दिली. दान देवाचे आहे, वाटणी आपल्या हाती सोपवलेली आहे.

आपल्याकडे अडचण बहुधा किमतीची असते. २०२१ साली केंद्र सरकारने दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले. नेमून दिलेल्या रुग्णालयांतून, ज्यांत मुंबईचे केईएम आहे, एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. ती मोठीच आहे. पण मूल वाढते, वजनाप्रमाणे डोस वाढतो, आणि जन्मभराच्या औषधाला ती पुरत नाही.

मग आपण काय करावे? अशा घरी जाऊन 'देवाची इच्छा' म्हणून मोकळे होऊ नये. 'औषध सोडा, नुसती प्रार्थना करा' असे तर कधीच सांगू नये. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचा: औषधे परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली, शहाण्याने ती नाकारू नयेत, असे तो शिकवतो. २०१२ साली अमेरिकेत गॉचरसाठी आणखी एका औषधाला मान्यता मिळाली. ते गाजराच्या पेशींत तयार होते! मानवी बुद्धी हेही देवाचेच दान आहे.

सलाईनच्या दिवशी त्या आईसोबत रुग्णालयात बसा. तिच्या धाकट्या लेकरांना त्या दिवशी आपल्या घरी जेवू घाला. अर्ज, दाखले, कचेरीच्या खेपा यांत ज्याला गती आहे त्याने तिचे कागद हाती घ्यावेत. लग्न-वाढदिवसाच्या खर्चातला एक वाटा धर्मग्रामाच्या आजारी निधीत टाका. एवढ्याने औषधाची किंमत भरून निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण वाट पाहणारी आई एकटी राहणार नाही.

आज 'आमची रोजची भाकर' मागताना 'आमची' या शब्दावर क्षणभर थांबू या. त्यात त्या मुलाची पंधरा दिवसांची बाटलीही आहे.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हा सर्वांवर असो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू