असं नाही, असं!

हौशी संगीतकाराची खरी अडचण चाल सुचत नाही ही नसते. सुचलेली चाल ऐकवायची कुणाला, ही असते. घरच्यांना ती आवडतेच. मित्रमंडळी पहिल्या ओळीलाच ‘वा!’ म्हणून मोकळी होतात. आपल्याकडे दाद इतकी सढळ हाताने मिळते की तिच्यातून काही शिकणं अवघड. आणि खरोखर कळणारा कुणी भेटलाच, तर तो पेटी स्वतःकडे ओढतो, ‘असं नाही, असं!’ म्हणून वाजवून दाखवतो, आणि बघता बघता चाल त्याची होऊन जाते.

हा पेटी ओढणारा माणूस किती कामाचा आणि किती धोक्याचा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण एकोणिसाव्या शतकातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये सापडतं. १८६१ च्या अखेरीस मिली बालाकिरेव्ह या तरुणाभोवती जमणाऱ्या मंडळीत सतरा वर्षांचा एक नौदलाचा विद्यार्थी येऊन बसला. त्याचं नाव निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह. बालाकिरेव्ह स्वतः तेव्हा पंचविशीच्या आतला. बाकीचेही कुणी पेशाने संगीतकार नव्हते. मुसोर्गस्की सैन्यातली अधिकाऱ्याची नोकरी सोडून आलेला. पुढे तो सरकारी कचेरीत कारकुनी करणार होता. क्युई लष्करी अभियंता, तटबंदीच्या शास्त्रातला जाणकार. वर्षभरात येऊन मिळालेला बोरोदिन रसायनशास्त्र शिकवणारा. संगीताचं रीतसर शिक्षण कुणाचंच नाही, बालाकिरेव्हचंही नाही. पण त्याचा पियानोवर हात विलक्षण होता, स्मरणशक्ती अफाट होती, आणि एकदा ऐकलेलं तो विसरत नसे.

त्याची शिकवण्याची पद्धत रिम्स्कीने पुढे आत्मचरित्रात बारकाईने नोंदवून ठेवली आहे. कुणी काही लिहून आणलं की त्यातला दोष बालाकिरेव्हच्या कानाला तत्काळ खटके. का खटकलं, हे मात्र त्याला सांगता येत नसे, कारण शास्त्राची भाषा त्याच्याकडे नव्हती. मग तो पियानोशी बसे आणि तो तुकडा कसा हवा ते वाजवून दाखवी. सराव, धडे, पायऱ्या वगैरे त्याला मान्यच नव्हतं. सतरा वर्षांच्या रिम्स्कीला त्याने सांगितलं, सिंफनी लिहायला घे.

आणि पोराने ती लिहिली! हे आधी कबूल केलं पाहिजे, कारण अशा माणसांना नावं ठेवणं फार सोपं असतं. १८६५ च्या डिसेंबरात बालाकिरेव्हने ती सिंफनी स्वतः वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात नौदलाच्या गणवेशातला एक अधिकारी मंचावर आला. बोरोदिनची पहिली सिंफनी पाच वर्षं चालली होती. तिचा एकेक तुकडा बालाकिरेव्हच्या हाताखालून गेला, आणि १८६९ मध्ये तीही त्यानेच सादर केली. प्रयोगशाळेतून उसंत मिळेल तेव्हा लिहिणाऱ्या माणसाकडून सिंफनी पुरी करून घेणं नुसत्या ‘वा’ने झालं नसतं. कुणीतरी मागे लागावं लागतं.

आपल्याला ही पद्धत ओळखीची वाटते. तालमीत गुरू गाऊन दाखवतो, शिष्य ते गळ्यातून काढतो, कारणमीमांसा नंतर, कधी कधी कधीच नाही. पण तालमीत बंदिश आधीच अस्तित्वात असते, राग असतो, घराण्याची शिस्त असते. ‘असं’ म्हणजे कसं, याला गुरूच्या मर्जीपलीकडचा काही आधार असतो. नव्या रचनेत तो नसतो. ती अजून पुरती जन्मलेलीच नसते. तिथे ‘असं’ म्हणजे फक्त ‘मी असतो तर असं’. बालाकिरेव्हच्या काही पट्ट्या तर ठरलेल्या आवडीच्या होत्या, त्यात आपल्या पेटीवरची काळी एक अगदी लाडकी. त्याच्या सल्ल्याने झालेल्या रचनांमध्ये ती पट्टी वारंवार भेटते, तेव्हा हसू येतं.

या मंडळीबाहेरच्या एका माणसाला त्याचा सल्ला सगळ्यात जास्त फळला, आणि ते का, याचा मी बराच विचार केला आहे. तो माणूस मॉस्कोत राहणारा चायकोव्हस्की. १८६९ मध्ये ‘रोमिओ आणि ज्युलिएट’वर काहीतरी लिही, हे त्याला बालाकिरेव्हने सुचवलं. आराखडा दिला, पट्ट्या सुचवल्या, एवढंच काय, सुरुवात मी अशी केली असती म्हणून चार आवर्तनं लिहूनही पाठवली. चायकोव्हस्कीने आराखडा घेतला, पट्ट्या घेतल्या (प्रेमाची ती सुप्रसिद्ध सुरावट काळी एकमध्येच आहे!), ती आवर्तनं तेवढी बाजूला ठेवली. मुख्य सुरावटी त्याने पाठवल्यावर बालाकिरेव्हचं उत्तर आलं: प्रेमाची सुरावट अप्रतिम, पण सुरुवात हायडनच्या चौकडीसारखी वाटते, इथे लिस्टच्या धर्तीवर काही प्रार्थनेसारखं हवं. १८७० च्या मार्चमध्ये मॉस्कोत पहिला प्रयोग झाला, तो बेतास बात. त्या उन्हाळ्यात चायकोव्हस्कीने सुरुवात नव्याने लिहिली. ती प्रार्थनेसारखीच आहे, पण एकेक स्वर त्याचा स्वतःचा. शेवटाबद्दलची कुरकुर पुढेही चालू राहिली, आणि १८८० मध्ये शेवट पुन्हा बदलला. रचना अर्पण केली आहे बालाकिरेव्हला.

इथे फरक कशाने पडला? चायकोव्हस्की शिकलेला होता, हे एक कारण. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे मॉस्को आणि पीटर्सबर्ग यांमधलं अंतर. पत्रात पियानो ओढून घेता येत नाही. खटकलेलं शब्दांत मांडावं लागतं, आणि शब्दांत मांडताना सांगणाऱ्यालाही कळतं की आपल्याला नक्की काय खटकलं आणि नुसतं काय आवडलं नाही. चार आवर्तनं लिहून पाठवली तरी ती कागदावर असतात, कानात घुमत नाहीत; नको तर घडी घालून ठेवता येतात. खोलीत, समोर, बोटांखाली वाजलेली ‘सुधारलेली’ ओळ मात्र एकदा ऐकली की पुसता येत नाही. आपली मूळ ओळ आठवायला गेलं तरी तीच आड येते. चाल बांधणाऱ्या कुणालाही विचारा.

त्याच खोलीत बसून नाही म्हणणारा एकच निघाला. १८६७ च्या उन्हाळ्यात मुसोर्गस्कीने चेटकिणींच्या मेळ्याचं चित्रण करणारी ‘बोडक्या डोंगरावरची रात्र’ लिहिली. बालाकिरेव्हला ती पसंत पडली नाही, आणि जशी आहे तशी वाजवायला तो तयार होईना. मुसोर्गस्कीने बदल करायला साफ नकार दिला. ती त्याच्या हयातीत वाजलीच नाही. तिच्यातलं साहित्य त्याने पुढे दुसऱ्या रचनांत वापरलं, मूळ प्रत मात्र तशीच राहिली. सल्ला नाकारण्याची एवढी किंमत मोजायची हौशी माणसाची तयारी असते का? बहुधा नसते, आणि सल्ला देणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

रिम्स्कीचं पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. १८७१ मध्ये त्याला पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात प्राध्यापकी मिळाली, आणि आपल्याला शास्त्रातलं काहीच येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा तो मुसोर्गस्कीबरोबर एकाच खोलीत राहत असे. दुपारपर्यंत पियानो मुसोर्गस्कीचा, मग तो कचेरीत जाई आणि पियानो रिम्स्कीचा. एकमेकांची अर्धीमुर्धी कामं रोज कानावर पडत. या वाटून घेतलेल्या पियानोइतका चांगला अभिप्राय दोघांनाही दुसरीकडे मिळाला नसेल, असं मला वाटतं. पुढे रिम्स्कीने एकट्याने पुस्तकं घेऊन शास्त्र शिकायला सुरुवात केली. १८७५ मध्ये फ्यूग या काटेकोर नियमांच्या प्रकारात स्वतः रचलेल्या दहा रचना त्याने चायकोव्हस्कीकडे तपासायला पाठवल्या, म्हणजे प्राध्यापकाने गृहपाठच पाठवला. लाज न बाळगता इतकं शिकलेला माणूस विरळा.

१८८१ मध्ये मुसोर्गस्की गेला. त्याची कागदपत्रं लावायचं काम रिम्स्कीने अंगावर घेतलं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, वर्षानुवर्षं. आता त्याच्याकडे कानाबरोबर कारणंही होती. हा स्वरमेळ नियमाबाहेरचा, ही जोडणी ओबडधोबड, हा शेवट सैल. त्याने सगळं नीट केलं. १८८६ मध्ये ‘डोंगर’ पहिल्यांदा वाजला, तो रिम्स्कीने नव्याने बांधलेला, पहाटेच्या घंटांसह शांतपणे संपणारा. त्याच्या मेहनतीशिवाय मुसोर्गस्की जगापर्यंत इतक्या लवकर पोहोचला नसता, हे खरंच आहे. पण बालाकिरेव्हसमोर मुसोर्गस्की ‘नाही’ म्हणू शकला होता. या वेळी तसं म्हणायला तो नव्हता.

१८६७ ची मूळ प्रत छापून आली १९६८ मध्ये. मला तीच आवडते: खडबडीत, घाईची, कुठे वळेल याचा नेम नसलेली. मोठमोठ्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमात मात्र आजही बहुतेक वेळा वाजतो तो रिम्स्कीचा डोंगर, आणि पत्रिकेवर ठळक नाव असतं मुसोर्गस्कीचं.