देवाची माफी आणि माणसाचं देणं

देवानं माफ केलं म्हणजे सुटलो, असं आपण किती सहज म्हणतो! बायबल वाचताना मला मात्र ते इतकं सोपं दिसलं नाही. ‘गणना’ या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात नियमच आहे: अपराध कबूल करा, घेतलेलं पुरतं परत करा आणि वर पाचवा हिस्सा द्या. म्हणजे 100 घेतले तर 120. ज्याचं नुकसान केलं तो राहिला नाही, घ्यायला नातलगही नाही, तरी देणं बुडत नाही. ते याजकाकडे भरायचं. येशूही सांगतो, अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर. जकातदार जक्कय तर फसवलेल्यांना चौपट परत द्यायला उभा राहिला.

मग दावीद राजाचं काय? उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्यापुढे कबुली दिली, जीव वाचला. पण उरीयाला काय परत देणार, आणि कसं?

मला वाटतं, देवाची क्षमा मोठी असेलही. पण ती दुसऱ्याचं देणं फेडत नाही. म्हणून बायांनो, घेणारा समोर आहे तोवरच देऊन टाकावं.